उंची कमी केलेल्या मोटारगाडीचे अवमंदक

मूळ उंचीपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ आणलेल्या मोटारगाडीत चाकांची आणि बॉडीची वरखाली होणारी हालचाल आवरण्यासाठी बसवलेल्या तैलदाब उपकरणांना उंची कमी केलेल्या मोटारगाडीचे अवमंदक म्हणतात. व्यवहारात अवमंदकाला शॉक ॲब्सॉर्बर, तर गॅरेजांमध्ये ‘शॉकअप’ असे म्हटले जाते. रोजच्या रस्त्यावर चालणारी आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवरही नेली जाणारी गाडी वळणावर स्थिर राहावी म्हणून तिची उंची अनेकदा कमी केली जाते. असे केल्याने गुरुत्वमध्य खाली येतो. मात्र त्याच वेळी चाकाला वर सरकण्यासाठी उपलब्ध असलेली जागाही घटते. त्यामुळे अशा गाडीसाठी अवमंदक निवडताना त्याच्या कडकपणाआधी उरलेली धाव, स्प्रिंगची ताठरता आणि त्या ताठरतेशी जुळणारे अवमंदन बल या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. हा मेळ चुकला, तर उंची कमी केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा रस्त्यावरची पकड लवकर गमावू शकते.

कार्य

गाडीचे वजन स्प्रिंग पेलतात. खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते. ही ऊर्जा काढून घेणारे काही नसेल, तर बॉडी दीर्घकाळ वरखाली हेलकावत राहते आणि चाकही रस्त्यावरून उड्या मारू लागते. अवमंदकात तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या सरकतो. दट्ट्यातील लहान छिद्रांतून आणि झडपांमधून तेल जबरदस्तीने जात असल्याने हालचालीला विरोध होतो आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

स्प्रिंगचे बल ती किती दबली आहे यावर अवलंबून असते, तर अवमंदकाचे बल दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असते. म्हणून उभ्या गाडीचे वजन पेलण्यात अवमंदकाचा वाटा नगण्य असतो. चाक वर जाऊन अवमंदक दबतो त्या हालचालीस संपीडन, तर चाक खाली जाऊन तो लांबतो त्या हालचालीस प्रसरण म्हणतात. प्रवासी गाड्यांत प्रसरणाचे बल सामान्यतः संपीडनाच्या बलापेक्षा बरेच जास्त ठेवलेले असते. त्यामुळे उंचवट्याचा धक्का बॉडीपर्यंत कमी पोहोचतो आणि दबलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जा परतीच्या हालचालीत शोषली जाते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी घर्षणावर चालणारे अवमंदक प्रचलित होते. फ्रान्समध्ये त्रुफो यांनी विकसित केलेली रचना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी बाजारात आणली. मोरिस उदाय यांच्या तरफेच्या अवमंदकात घर्षणाऐवजी तेलाचा उपयोग केला गेला. पुढे तरफेची रचना मागे पडून दुर्बिणीसारखा सरकणारा नळीचा अवमंदक सर्वत्र रूढ झाला. अर्ल मॅक्फर्सन यांनी अवमंदकालाच चाकाच्या आधाराचा भाग बनवणारी स्ट्रट रचना तयार केली. १९५० मध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या ब्रिटिश गाड्यांत ती वापरली गेली. उच्च दाबाचा वायू भरलेल्या एकनळी अवमंदकाचे श्रेय फ्रेंच अभियंते ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांना दिले जाते. जर्मनीच्या बिल्स्टाईन कंपनीने या रचनेचा विकास करून १९५७ पासून मर्सिडीज-बेंझ गाड्यांसाठी असे अवमंदक पुरवले. भारतात गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली. तिची सुरुवात मुंबईतील मुलुंड येथे झाली आणि पुण्याजवळील चाकण येथेही तिचा कारखाना आहे.

उंची कमी केल्याचे परिणाम

गाडी ४० मिमी खाली आणली, तर संपीडनासाठी उपलब्ध असलेल्या चाकाच्या धावेतून साधारणपणे तेवढेच ४० मिमी वजा होतात. मूळ धाव ७० मिमी असेल, तर ३० मिमी उरते. ती संपताच अवमंदकाच्या दांड्यावरील रबरी किंवा फोमचा अडसर, म्हणजेच बंप स्टॉप, दबू लागतो. अडसराची ताठरता झपाट्याने वाढत जाते. वळणाच्या मध्यावर पुढच्या चाकाचा अडसर पूर्ण दबला, तर त्या टोकाची ताठरता अचानक अनेक पटींनी वाढते, त्या टायरवरील भार उसळतो आणि पकड सुटते. चालकाला गाडी विनाकारण बाहेरच्या बाजूस सरकल्याचा भास होतो. अनेकदा त्याचा दोष टायरांना दिला जातो. प्रत्यक्षात धाव संपलेली असते.

उंची कमी झाल्याने चाकाच्या जोडदांड्यांचे कोनही बदलतात. मॅक्फर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा दांडा आडव्या स्थितीच्या पलीकडे झुकला, की बॉडी ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते ते केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जाते. दोहोंमधील अंतर वाढल्याने, गुरुत्वमध्य खाली येऊनही, वळणावर बॉडीला कलवणारे आघूर्ण अपेक्षेइतके कमी होत नाही. काही वेळा ते वाढतेही. म्हणून उंची शक्य तितकी कमी करण्याऐवजी धाव आणि भूमिती या दोन्ही सांभाळल्या जातील एवढीच ती कमी करणे श्रेयस्कर ठरते.

स्प्रिंग आणि अवमंदक यांचा मेळ

स्प्रिंगवर तोललेल्या बॉडीची वरखाली होण्याची एक नैसर्गिक वारंवारता असते. सामान्य प्रवासी गाडीत ती साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते, तर रस्ता आणि ट्रॅक अशा दुहेरी वापराच्या गाडीत ती सुमारे २ हर्ट्झपर्यंत नेली जाते. बॉडीचे हेलकावे एकाही आवर्तनाविना थांबवण्यास जेवढे किमान अवमंदन लागते त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. प्रत्यक्ष अवमंदनाला क्रांतिक अवमंदनाने भागले, की अवमंदन गुणोत्तर मिळते. आरामदायी गाडीत हे गुणोत्तर साधारण ०.२ ते ०.४ असते. ट्रॅकवर बॉडीच्या संथ हालचालींसाठी ०.६ ते ०.७ च्या आसपासचे गुणोत्तर पसंत केले जाते.

स्पष्टीकरणासाठी पुढील काल्पनिक गाडी घेता येईल. तिचे एकूण वस्तुमान १,१०० किग्रॅ, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.४८ मीटर आणि पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवरील वस्तुमान २५० किग्रॅ आहे. मूळ वारंवारता १.३ हर्ट्झ असेल, तर चाकापाशी मोजलेली ताठरता सुमारे १६.७ न्यूटन प्रति मिमी येते. गुरुत्वत्वरणाइतक्या मंदनाने जोरात ब्रेक लावल्यास मागच्या आसावरून पुढच्या आसावर सुमारे २,१६० न्यूटन, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे १,०८० न्यूटन भार सरकतो. उरलेल्या ३० मिमी धावेत मूळ स्प्रिंग केवळ ५०० न्यूटन अतिरिक्त भार पेलू शकते. म्हणजे ही गाडी सपाट रस्त्यावर नुसता ब्रेक लावल्यानेही अडसरावर बसेल. जोडदांड्यांची भूमिती यातील काही भार परस्पर पेलते, तरीही निष्कर्ष बदलत नाही : उंची कमी करायची असेल, तर स्प्रिंगही अधिक ताठर हवी.

वारंवारता २ हर्ट्झ करण्यासाठी चाकापाशी सुमारे ३९.५ न्यूटन प्रति मिमी एवढी ताठरता लागते. अशी स्प्रिंग ३० मिमी धावेत सुमारे १,१८५ न्यूटन पेलते आणि ब्रेकचा भार जेमतेम सामावला जातो. ब्रेक लावलेला असतानाच वळण किंवा उंचवटा आला, तर मात्र ही धावही अपुरी पडते. म्हणून अशा गाडीत आखूड बॉडीचे अवमंदक, काळजीपूर्वक निवडलेले अडसर आणि उंची कमी करण्याची मर्यादा यांचा एकत्र विचार करावा लागतो.

आता अवमंदकाकडे पाहू. मूळ अवमंदकाचे गुणोत्तर ०.३ होते असे मानले, तर नव्या स्प्रिंगबरोबर तोच अवमंदक ठेवल्यास ते ०.२ च्या किंचित खाली उतरते, कारण क्रांतिक अवमंदन ४,०८० वरून ६,२८० न्यूटन-सेकंद प्रति मीटरपर्यंत वाढलेले असते. गाडी खाली आलेली आणि कडक असूनही ती हेलकावत राहते. केवळ आखूड स्प्रिंग बसवून मूळ अवमंदक तसेच ठेवलेल्या गाड्यांत आढळणारी ही नेहमीची अवस्था आहे. गुणोत्तर ०.६ वर नेण्यासाठी चाकापाशी सुमारे ३,७७० न्यूटन-सेकंद प्रति मीटर, म्हणजे मूळ अवमंदकाच्या तिपटीहून अधिक अवमंदन लागते. सामान्य गाडीसाठी बनवलेला अवमंदक एवढे बल देऊ शकत नाही.

वरील सर्व आकडे चाकापाशी मोजलेले आहेत. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि अवमंदक चाकापासून आत बसवलेले असतात. चाक १० मिमी सरकल्यावर अवमंदक ७ मिमी सरकत असेल, तर चलन गुणोत्तर ०.७ होते. चाकापाशी जाणवणारी ताठरता आणि अवमंदन या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ०.४९ पटीने कमी होतात. त्यामुळे चाकापाशी ३९.५ न्यूटन प्रति मिमी हवे असल्यास प्रत्यक्ष स्प्रिंग सुमारे ८०.६ न्यूटन प्रति मिमी एवढी ताठर लागते. एका गाडीत उत्तम ठरलेली स्प्रिंग आणि अवमंदकाची जोडी दुसऱ्या गाडीत निरुपयोगी ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वेगानुसार बदलणारे बल

अवमंदकाचे वर्णन ‘कडक’ किंवा ‘मऊ’ अशा एका शब्दात करता येत नाही. ब्रेक लावताना किंवा वळताना बॉडी संथपणे हलते. २ हर्ट्झ वारंवारतेने ५ मिमी वरखाली होणाऱ्या बॉडीचा कमाल वेग सुमारे ६३ मिमी प्रति सेकंद असतो. याउलट चाकाची स्वतःची वारंवारता साधारण १० ते १५ हर्ट्झ असते. १२ हर्ट्झने तेवढेच हलणाऱ्या चाकाचा वेग सुमारे ३७७ मिमी प्रति सेकंद होतो. खड्डा किंवा ट्रॅकच्या कडेचे उंचावलेले कर्ब चाकाला याहूनही जोराने उडवतात.

दुहेरी वापराच्या गाडीला कमी वेगात भरपूर बल हवे असते, म्हणजे बॉडी आटोक्यात राहते. जास्त वेगात मात्र बलाची वाढ मंदावली पाहिजे, म्हणजे चाक उंचवट्यावरून सहज जाऊन पुन्हा रस्त्याला टेकते. हा गुण साधण्यासाठी दट्ट्यावरील पोलादी पातळ चकत्यांची झडप ठरावीक दाबाला उघडेल अशी बसवतात. वेग आणि बल यांचा आलेख अशा वेळी प्रथम चढतो आणि नंतर सपाट होत जातो. या उलट स्वभावाचा, म्हणजे वेगाबरोबर बल अधिकाधिक तीव्रतेने वाढणारा अवमंदक खराब रस्त्यावर गाडी उडवतो.

प्रसरणाचे बल प्रमाणाबाहेर असेल, तर उंची कमी केलेल्या गाडीत एक विशेष दोष उद्भवतो. एका उंचवट्यावर दबलेले चाक पूर्ववत खाली येण्यापूर्वीच पुढचा उंचवटा येतो आणि बॉडी टप्प्याटप्प्याने खाली ओढली जाते. आधीच तोकडी असलेली धाव त्यामुळे आणखी कमी होते आणि गाडी अडसरांवर चालू लागते. अशी गाडी चालकाला फार कडक वाटते आणि तो स्प्रिंगला दोष देतो. प्रत्यक्षात प्रसरण सैल केल्यास ती सुधारते.

रचनेचे प्रकार

दुनळी अवमंदकात एका नळीभोवती दुसरी नळी असते. दांडा आत शिरल्यावर विस्थापित झालेले तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते. ही रचना तुलनेने स्वस्त असून वायूचा दाब कमी असतो. बाहेरच्या नळीला पोचा आला तरी दट्ट्याच्या मार्गाला सहसा बाधा येत नाही. सलग फेऱ्यांमध्ये तेल तापल्यावर आणि वायूत मिसळून फेसाळल्यावर मात्र तिचे बल घटते.

एकनळी अवमंदकात तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. दाब साधारण २० ते ३० बार असल्याने तेलात पोकळ्या निर्माण होण्याची प्रवृत्ती कमी होते. नळीची भिंत थेट हवेच्या संपर्कात असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. या दाबामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो. १४ मिमी व्यासाच्या दांड्यावर २५ बार दाबाने सुमारे ३८५ न्यूटन बल येते आणि गाडी काही मिलीमीटर उंच उभी राहते. वायूच्या कप्प्यासाठी नळी लांब ठेवावी लागते, ही उंची कमी केलेल्या गाडीच्या दृष्टीने या रचनेची अडचण आहे. हा कप्पा वेगळ्या डबीत नेल्यास तेवढी धाव वाचते, पण किंमत वाढते. मॅक्फर्सन स्ट्रटमध्ये वळणाची आडवी बलेही सोसावी लागतात, म्हणून तेथे एकनळी अवमंदक अनेकदा उलटा बसवून त्याच्या जाड नळीला भार पेलू दिला जातो.

समायोजन

काही अवमंदकांचे बल ठरावीक असते. काहींमध्ये फक्त प्रसरण बदलता येते. नेदरलँड्सच्या कोनी कंपनीचे पिवळ्या रंगाचे ‘स्पोर्ट’ अवमंदक या वर्गात मोडतात. महाग अवमंदकांत प्रसरण आणि संपीडन स्वतंत्रपणे, तर काहींत कमी आणि जास्त वेगाचे संपीडनही वेगवेगळे बदलता येते. बटणांची संख्या हे गुणवत्तेचे माप नव्हे. चारही अवमंदकांचे बल एकाच टप्प्यावर सारखे येते का, आणि एक बटण फिरवल्याने दुसऱ्या दिशेचे बल बदलते का, हे चाचणी यंत्रावर काढलेल्या आलेखावरूनच कळते. ज्या स्प्रिंगसाठी अवमंदक बनवला आहे तिच्यापासून प्रत्यक्ष स्प्रिंग फार वेगळी असेल, तर बटणे टोकापर्यंत फिरवूनही योग्य गुणोत्तर मिळत नाही.

उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची बैठक वरखाली करतात. बैठक खाली नेल्यास गाडी खाली येते, पण संपीडनाची धावही घटते. दुसरीत अवमंदकाच्या नळीची एकूण लांबी तळाशी बदलता येते. त्यामुळे उंची बदलली तरी अवमंदकातील धाव कायम राहते. मात्र टायर चाकाच्या कमानीला किंवा आतल्या पत्र्याला लागत नाही ना, हे पाहावे लागते. आखूड आणि ताठर स्प्रिंग चाक लोंबकळताना बैठकीवरून सुटू नये म्हणून तिच्यासोबत एक अतिशय मऊ साहाय्यक स्प्रिंग बसवली जाते.

उदाहरण : माझदा एमएक्स-५

१९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सादर झालेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही रस्ता आणि ट्रॅक अशा दुहेरी वापरासाठी जगभर निवडली जाणारी गाडी आहे. चारही चाकांना दुहेरी विशबोन रचना असलेल्या या हलक्या गाडीत संपीडनाची धाव मुळातच मर्यादित आहे. केवळ आखूड स्प्रिंग बसवल्यास ती लगेच अडसरांवर येते. म्हणून या गाडीत अवमंदक बदलताना त्याच्या वरच्या टोकाची बैठकही बदलण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या पिढीच्या गाडीतील बैठक पहिल्या पिढीत बसवल्यास दांड्याला वर सरकण्यास अधिक जागा मिळते. तुलनेने स्वस्त असा हा भाग महागड्या अवमंदकाइतकाच परिणामकारक ठरू शकतो, कारण गाडीची खरी उणीव धावेची आहे.

निवडीचा क्रम

प्रथम गाडीचा वापर आणि टायर निश्चित करतात. त्यानंतर स्प्रिंग काढून चाक हाताने वरखाली करून संपीडन आणि प्रसरण या दोन्ही दिशांची धाव मोजतात. त्या मापावरून उंची, उंचीवरून स्प्रिंगची ताठरता आणि ताठरतेवरून अवमंदन बल ठरवतात. सर्वांत शेवटी रचना आणि समायोजनाची सोय निवडतात. बाजारात हा क्रम अनेकदा उलटा होतो : आधी अवमंदक विकत घेतला जातो, मग गाडी नजरेला बरी दिसेल एवढी खाली केली जाते आणि धावेचा विचार शेवटी होतो.

बसवल्यानंतरची तपासणी साध्या साधनाने करता येते. अवमंदकाच्या दांड्यावर प्लास्टिकचा बारीक बंद सैलसर बांधतात. ट्रॅकच्या काही फेऱ्यांनंतर तो जिथे सरकलेला आढळतो तिथपर्यंत अवमंदक दबला, असे समजते. बंद अडसराच्या तळाशी घट्ट जाऊन बसला असेल, तर बटणे फिरवण्याआधी उंची किंवा स्प्रिंग यांचा पुनर्विचार करणे आवश्यक असते.

भारतीय रस्त्यांवरील मर्यादा

भारतात चेन्नई, कोइंबतूर आणि ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे कायमस्वरूपी ट्रॅक आहेत. पुण्याहून यांपैकी कोणत्याही ठिकाणी गाडी चालवत नेल्यास एका बाजूचा प्रवासच एक हजार किमीहून अधिक होतो. अशा गाडीचे बहुतांश आयुष्य रस्त्यावरच जात असल्याने निवड करताना रस्त्याचे पारडे जड ठेवणे व्यवहार्य ठरते.

भारतीय रस्ता काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा. २.४ मीटर अंतरावर आस असलेली गाडी त्यावर मधोमध आली, की चाकेही उतारावरच असल्याने तिच्या मध्याखाली उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त सुमारे ४२ मिमी वर येतो. गतिरोधक अरुंद असेल, तर दोन्ही चाके सपाट रस्त्यावर राहून त्याची संपूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. म्हणून पूर्ण भारलेल्या आणि दबलेल्या अवस्थेत किती अंतर उरते, हे मोजणे आवश्यक आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला. जर्मनीसारख्या देशांत मान्यताप्राप्त भाग बसवून आणि गरजेनुसार गाडीची तपासणी करून असा बदल कायदेशीर करता येतो.

देखभाल

अवमंदकाची झीज हळूहळू होत असल्याने चालकाला ती सहज जाणवत नाही. दांड्याच्या मुळाशी तेल दिसणे, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज होणे, ब्रेक लावताना गाडीचे नाक जास्त झुकणे ही तिची लक्षणे आहेत. उंची कमी केलेल्या गाडीत अडसर वारंवार दबत असल्याने त्यांचे तुकडे पडतात आणि वरच्या बैठकीचे रबर फाटते. ट्रॅकसाठी बनवलेले अनेक अवमंदक उघडून तेल, सील आणि वायू बदलता येतात. दुनळी रचनेचे सामान्य अवमंदक बहुधा संपूर्णच बदलावे लागतात. कोणताही अवमंदक बदलताना एकाच आसावरील दोन्ही एकदम बदलतात, कारण दोन बाजूंच्या बलात फरक असल्यास जोरात ब्रेक लावताना किंवा खराब रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढली जाण्याचा धोका असतो. उंची बदलल्यानंतर चाकांचे कोन, म्हणजे अलाइनमेंट, आणि पुढच्या दिव्यांचा झोत हेही पुन्हा तपासून घेतले जातात.